मातीचाही हिशेब व्हावा

इंदूरच्या हुकुमचंद मिलचा भोंगा डिसेंबर 1991 मध्ये थांबला आणि 5,895 कामगारांच्या घरची चूल अडली. त्यांच्या थकीत देण्यांचा सुमारे 224 कोटी रुपयांचा धनादेश निघायला 25 डिसेंबर 2023 उजाडला. पंतप्रधानांच्या उपस्थितीत, दूरदृश्य प्रणालीवरून, तो धनादेश लिक्विडेटर आणि कामगार संघटनांकडे सुपूर्द झाला. तोवर कितीतरी कामगार वारले होते. त्यांचे पैसे विधवांच्या आणि मुलांच्या वाट्याला आले. बंद पडलेल्या मिलच्या कामगारांनी अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतले देखावे, म्हणजे झाँक्या, मात्र थांबू दिल्या नाहीत. या शहराने गिरणीवर असे प्रेम केले आहे, म्हणूनच तिच्या जागेचे पुढे काय होते हा प्रश्न निव्वळ बिल्डरांचा राहत नाही.

देण्यांचा तिढा सुटला तो जमिनीच्या जोरावर. राज्य सरकारने देणी आधी चुकती करायची आणि शहराच्या ऐन मध्यातली सुमारे 42 एकर जागा घेऊन तिथे घरे व बाजारसंकुल उभारायचे, असा तोडगा न्यायालय आणि संघटना दोघांनीही मान्य केला. त्यात वावगे काही नाही. मुंबईच्या गिरणगावात जमिनीचे सोने झाले आणि कामगार घरासाठी अर्ज भरत राहिला. त्या मानाने इंदूरचा व्यवहार कितीतरी सभ्य म्हणायचा. पुढे वाद पेटला तो झाडांवरून. तीसेक वर्षांत या पडीक आवारात आपोआप रान माजले. ते तोडू नका, म्हणून नागरिक उभे राहिले. त्यांची कळकळ खरी आहे. पण देणी चुकवताना राज्याच्या गृहनिर्माण मंडळाने मोजलेला पैसा वसूल कुठून करायचा, याचे उत्तर त्यांनाही द्यावे लागेल.

या सगळ्या वादात मातीचे नाव फारसे कोणी घेत नाही. कापडगिरणी म्हणजे नुसते माग आणि चात्या नव्हेत. तिथे रंगखाते असते, ब्लीचिंग असते, बॉयलरची राख असते, ट्रान्सफॉर्मरचे तेल असते, छपराला आणि वाफेच्या नळांना अ‍ॅस्बेस्टॉस असते. जुन्या रंगप्रक्रियेत क्रोमियमचे क्षार सर्रास वापरले जात. दशकानुदशके चाललेल्या अशा कारखान्याखाली काय मुरले असेल, ते वरून दिसत नाही. वर झाडे फोफावली म्हणजे खाली माती निर्मळ झाली, असेही नाही. शिवाय टोलेजंग इमारतीला तळघर लागते. तळघरासाठी उपसलेली माती आपल्याकडे डंपरने जाते आणि शहराच्या कडेला, कुणाच्या तरी सखल प्लॉटवर, भराव म्हणून पडते. जिथे खोदले तिथे निदान काँक्रीट येते. जिथे भराव पडला तिथले लोक मात्र त्याच मातीत कूपनलिका खणतात, आणि ही माती कुठून आली हे त्यांना कोणी सांगत नाही.

अमेरिकेतल्या नायगारा फॉल्स शहरात शाळा मंडळाने 1953 मध्ये रसायने पुरलेली जागा एका डॉलरला घेतली, तिथे शाळा बांधली, भोवती वस्ती वाढली. 1978 मध्ये लव्ह कॅनॉलची ती वस्ती रिकामी करण्याची वेळ आली. दूषित जागांच्या सफाईचा तिथला केंद्रीय कायदा 1980 मध्ये झाला, तो त्या धक्क्यानंतर. भारताला असे नियम मिळायला 24 जुलै 2025 उजाडले. भोपाळची वायुदुर्घटना झालेल्या देशाने इतकी वर्षे घेतली!

आणि भोपाळ इंदूरपासून दूर नाही. तिथल्या युनियन कार्बाइड कारखान्याचा 337 टन कचरा जानेवारी 2025 मध्ये इंदूरच्या शेजारी पीथमपूरला आणला गेला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. तो जूनअखेर जाळून झाला. उरलेली राख मूळ कचऱ्यापेक्षा वजनाने दुपटीहून अधिक भरली. भोपाळच्या आवारातली दूषित माती तर अजून तिथेच आहे. ‘धोका नाही’ हे सरकारी वाक्य या भागात आता कोणी नुसत्या शब्दावर मानत नाही, आणि त्याचा दोष लोकांना देता येणार नाही.

नव्या नियमांनी निदान वाट आखून दिली आहे. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी करायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण. खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायचा. तो सापडत नसेल किंवा गिरणीसारखा दिवाळखोरीत गेला असेल, तर केंद्र आणि राज्याने उचलायचा. त्रुटी एकच, पण मोठी आहे: जागा दूषित ठरल्यावर ती कधीपर्यंत साफ करायची, याची मुदतच घातलेली नाही. 2025 मध्ये नियम आले तेव्हा देशात 103 दूषित जागा निश्चित झाल्या होत्या आणि सफाई फक्त सातच ठिकाणी सुरू झाली होती. मुदत नसली की काय होते, ते या आकड्यांतच दिसते.

मुदत नाही, ही सबब इंदूरला शोभणार नाही. देवगुराडियाच्या डोंगराएवढ्या साचलेल्या कचऱ्यापैकी सुमारे 13 लाख टनांचा या महापालिकेने निपटारा केला, आणि तिथेच फेब्रुवारी 2022 मध्ये रोज 550 टन ओला कचरा पचवणारा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला. ज्यांना हे जमते, त्यांना 42 एकरांत भोके पाडून मातीचे आणि भूजलाचे नमुने तपासणे अवघड नाही. खर्चही प्रकल्पाच्या मानाने किरकोळ. अहवाल मात्र फायलीत न ठेवता हिंदीत आणि नकाशासह लोकांसमोर मांडावा. रंगखाते कुठे होते, सांडपाण्याचे टाके कुठे होते, हे सांगू शकणारे जुने कामगार अजून शहरात आहेत. त्यांना सोबत घ्यावे. जिथे दूषण खोल निघेल तिथे इमारत नको. तो भाग झाडांखाली राहू द्यावा, म्हणजे रानाचा वादही निम्म्याने हलका होईल. उपसलेल्या मातीचा प्रत्येक डंपर कुठे रिकामा होतो, त्याची नोंद ठेवावी. संशयित जागांच्या यादीत हुकुमचंद मिलचे नाव घालण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. पायाचे खोदकाम सुरू होण्याआधी तो त्यांनी वापरावा.