यवनाचे भोजनगृह आणि आमची सुट्टी

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या संस्थेच्या आवारात पाच दिवसांचे, सकाळी येऊन संध्याकाळी घरी परतण्याचे एक शिबिर भरवावे आणि त्यात मुलांना प्राचीन ग्रीक व रोमन लोकांच्या जगण्याची ओळख करून द्यावी, असा विचार आम्ही काही शिक्षकांनी मांडला. पहिला आक्षेप आला तो आमच्याच एका ज्येष्ठ सहकाऱ्यांकडून. ज्यांचे आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, त्या लेकरांना ग्रीस आणि रोम कशासाठी? त्यांचे गणित पक्के करा, इंग्रजी सुधारा. सुट्टी त्यासाठी वापरा. हा आक्षेप रास्त आहे आणि तो बाजूला सारून पुढे जाणे आम्हांस योग्य वाटत नाही. स्मरणिकेची ही पाने आम्ही त्याचे उत्तर देण्यासाठीच मागून घेतली आहेत.

इंग्लंडात चेस्टर नावाचे एक जुने शहर आहे. रोमन सैन्याच्या तळाभोवती ते वाढले. तेथे आजही शाळकरी मुले हाती ढाली घेऊन, रोमन शिपायाच्या वेशातील वाटाड्यामागून रस्त्याने कवायत करीत जातात. युरोप-अमेरिकेत सुट्टीच्या दिवसांत अशी शिबिरे भरतात. मुले मेणाच्या पाटीवर अक्षरे कोरतात, रंगीत खडे जुळवून चित्रे करतात, मुखवटे लावून नाटुकली करतात. चेस्टरच्या मुलांपुरते बोलायचे तर तो त्यांच्या गावचाच इतिहास आहे. आपण मात्र त्याची नुसती नक्कल केली, तर पांढऱ्या चादरी अंगाभोवती गुंडाळून आणि पुठ्ठ्याची शिरस्त्राणे घालून काढलेली छायाचित्रे एवढेच हाती उरेल. तसले शिबिर भरणार असेल, तर आम्हीही ज्येष्ठ सहकाऱ्यांच्याच बाजूने उभे राहू.

परंतु ग्रीक आणि रोमन जग आपल्या जिल्ह्याला परके नाही. नेवाशाजवळ प्रवरेच्या काठी लाडमोड नावाने ओळखली जाणारी पांढरीची टेकाडे आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. हसमुख सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ ते १९५६ या काळात तेथे उत्खनन केले. तळाशी अश्मयुगाची हत्यारे सापडली, त्यावर ताम्रपाषाणयुगातील शेतकऱ्यांची घरे. आणि त्यांच्याही वर, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या थरात, भूमध्य समुद्राकडून आलेल्या रांजणांची खापरे निघाली. उंच मान, दोन बाजूंना दोन कान आणि निमुळते बूड असे हे रांजण अँफोरा या नावाने ओळखले जातात. त्यांतून द्राक्षाचे मद्य आणि तेल जहाजाने नेत असत. उत्खनकांनी त्या थराला ‘इंडो-रोमन’ असेच नाव दिले. ज्ञानेश्वरीचे गाव म्हणून आपण नेवासे ओळखतो आणि ते योग्यच आहे. पण त्याच गावच्या मातीत इटलीकडचे खापर निघाले, हे आमच्या दहावीच्या वर्गातील एकाही मुलाला ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर काही वर्षांपूर्वीपर्यंत आम्हांसही नव्हते.

ते खापर येथवर कसे आले, हे सांगणारे एक पुस्तक उपलब्ध आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा अनाम व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत लिहिलेले ‘पेरिप्लस’ ही समुद्रप्रवासाची एक वहीच आहे. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बंदरांतून जहाजे जुलैच्या सुमारास निघत आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर भडोचपर्यंत येत. आपला अवर्षणग्रस्त जिल्हा ज्या वाऱ्याकडे दरवर्षी डोळे लावून बसतो, तोच हा वारा. भडोचहून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर, असे हा लेखक सांगतो. पैठणचे मौल्यवान खडे आणि तेरचे कापड धड रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून भडोचला जाई. आपल्या प्रवरेचे पाणी टोक्याजवळ गोदावरीला मिळून पैठणकडेच जाते. हा नकाशा मुलांनी फळ्यावरून उतरवून घेण्यापेक्षा नदीकाठी उभे राहून पाहावा.

याच वहीत भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे. मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच, सोन्याचांदीची नाणी. आणि राजासाठी म्हणून चांदीची भांडी, गाणारी मुले व अंतःपुरासाठी सुंदर मुली. भांड्यांच्या ओळीतच मुले आणि मुली. आम्ही गेल्या वर्षी ही यादी आठवीच्या वर्गात वाचून दाखविली. वर्ग काही क्षण गप्प होता. मग पाथर्डीकडच्या एका मुलाने विचारले, “सर, त्यांच्या आईबापांनी उचल घेतली होती का?”

उचल म्हणजे काय, हे या स्मरणिकेच्या बहुतेक वाचकांना सांगावे लागणार नाही. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली रक्कम, जी फिटेपर्यंत टोळीबरोबर जावेच लागते. त्या मुलाचा प्रश्न इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात बसणारा नव्हता. पण प्राचीन जगाविषयी इतका नेमका प्रश्न आम्ही मोठ्यांच्या सभांतूनही क्वचितच ऐकला आहे. चेस्टरच्या रस्त्यावर ढाल घेऊन चालणाऱ्या मुलाच्या मनात तो सहज येईल, असे आम्हांस वाटत नाही. आपल्या मुलांनी ग्रीस-रोम का शिकावे, याचे आमचे उत्तर येथे सुरू होते. त्या जगाविषयी विचारायचे काही प्रश्न आपल्या मुलांजवळ आधीच आहेत.

कारण त्या वैभवाचा मोठा भाग गुलामांच्या पाठीवर उभा होता. अथेन्सच्या लोकसभेचे कौतुक करताना तेथे स्त्रियांना, गुलामांना आणि बाहेरून येऊन राहिलेल्यांना मत नव्हते, हे त्याच दमात सांगितले पाहिजे. अथेन्सची चांदी लॉरियनच्या खाणींतून येई आणि खाणीत उतरत ते गुलाम. ज्या इसापाच्या गोष्टी आपली मुले लहानपणापासून ऐकतात, तो इसापही परंपरेने गुलाम मानला जातो. तंजावरला १८०६ मध्ये त्याच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. मराठीतील अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांत त्यांची गणना होते. आपण कोल्हा आणि द्राक्षे लक्षात ठेवली, सांगणारा कोण होता हे विसरलो. एपिक्टेटस हा तत्त्वज्ञही रोममध्ये गुलाम होता आणि मुक्त झाल्यावर शिक्षक झाला.

येथे बाबासाहेबांचा उल्लेख ओघाने येतो. रोमन गुलामगिरीचा त्यांनी अभ्यास केला होता आणि तिची तुलना अस्पृश्यतेशी केली होती. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात ते लेखन वाचावयास मिळते. रोममधील गुलाम लेखनिक, वैद्य, शिक्षक होऊ शकत असे, त्याची मुक्तता होऊ शकत असे. अस्पृश्यतेने मात्र माणसाला ज्ञानाच्या आणि व्यवसायाच्या दारातूनच परत पाठविले, आणि म्हणून ती गुलामगिरीहून वाईट, असे त्यांचे प्रतिपादन होते. जोतीराव फुल्यांनीही १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली, तेव्हा ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. आपले दुःख मोजण्यासाठी या दोघांनी जगाकडे पाहिले. मुलांना जग दाखविणे ही चैन आहे, असे त्यांना कधी वाटले नाही.

याच कारणास्तव शिबिरातील एका खेळाला आमचा ठाम विरोध आहे. चिठ्ठ्या काढून कोणी नागरिक, कोणी गुलाम व्हायचे आणि दिवसभर तसे वागायचे, असा खेळ एका उत्साही तरुण शिक्षकांनी सुचविला होता. हेतू चांगला होता. परंतु ज्यांच्या आजोबांना वर्गाबाहेर बसून शिकावे लागले, त्या मुलांना चिठ्ठी काढून पुन्हा बाहेर बसवणे आम्हांस खेळातही मान्य नाही. गोष्ट सांगावी, यादी वाचावी, प्रश्न येऊ द्यावेत. तेवढे पुरे.

आता या चित्राची दुसरी बाजू. ‘यवन’ हा शब्द आपल्या मुलांनी ऐकलेला असतो तो पुढच्या काळातील लेखनातून, मुसलमान या अर्थाने, आणि बहुधा तिरस्काराच्या सुरात. त्याचा मूळ अर्थ आयोनियाचा रहिवासी, म्हणजे ग्रीक. आपल्या शेजारी, पुणे जिल्ह्यातील जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत या यवनांची नावे दगडावर कोरलेली आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन टाक्या दिल्या. शिलालेखात टाकीला ‘पोढी’ म्हटले आहे, आणि लेण्यांतल्या टाक्यांना पोढी म्हणणारी माणसे आजही भेटतात. चंद नावाच्या यवनाने लेण्याचे दर्शनी दार दिले. चित नावाच्या यवनाने भिक्खूसंघासाठी भोजनमंडप दिला. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी दिलेले स्तंभ आहेत. नाशिकच्या लेण्यांत उत्तरेकडील दात्तामित्री येथून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाने आईवडिलांच्या पुण्यार्थ लेणे कोरविले. हे सारे साधे देणगीदार होते. कोणी तलवार घेऊन आल्याचे तेथे लिहिलेले नाही. बहुतेकांची नावेही इथलीच वाटावीत अशी आहेत.

आमच्या वसतिगृहाच्या भोजनगृहाच्या दारावर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी आहे. मुले रोज ताट घेऊन तिच्याखालून जातात आणि कोणी वर पाहत नाही. त्याच मुलांना जुन्नरच्या लेण्यात उभे करून, दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक माणसाने येथल्या जेवणाची सोय केली होती, असे सांगितले तर ती परतल्यावर आपल्या दारावरची पाटी वाचतील, अशी आमची अटकळ आहे. चुकली तरी हरकत नाही. लेणी पाहून झालेली असतील.

आणि मिलिंद. ग्रीक राजा मिनँडर आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद पाली भाषेत जतन झाला आहे. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंद हे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन. आमच्यापैकी तिघे तेथेच शिकले. संवादाच्या आरंभी नागसेन अट घालतात. विद्वान वाद करतात तसा वाद करणार असशील तर बोलू, राजे करतात तसा नव्हे. विद्वान हरला तर रागावत नाही. राजाला विरोध केला तर शिक्षा होते. राजा ती अट मान्य करतो. याच संवादात नागसेन त्याला विचारतात की तू रथातून आलास, तर रथ म्हणजे नेमके काय? आस? चाके? जू? शिबिरात हा प्रसंग आम्ही बैलगाडीजवळ उभे राहून करणार आहोत. निवासी शाळेत शिस्तीची गरज असते, हे आम्ही जाणतो. तरी शिक्षकानेही कधी राजासारखे बोलायचे सोडून विद्वानासारखे बोलावे, यासाठी हे पाच दिवस आम्हांलाही उपयोगी पडतील.

एक इशारा मात्र आम्ही स्वतःलाच देतो. ग्रीकांनी सारे काही आपल्याकडून नेले, किंवा आपण सारे त्यांच्याकडून घेतले, असली दोन्ही प्रकारची फुशारकी शिबिरात येता कामा नये. जे सापडले आहे, तेच पुरेसे आश्चर्यकारक आहे. इजिप्तमधील बेरेनिके या जुन्या बंदरात, जेथून आपल्याकडे जहाजे निघत, इसिस देवीच्या मंदिरात संगमरवरी बुद्धमूर्ती सापडली; २०२३ मध्ये ही बातमी जगभर प्रसिद्ध झाली. मूर्ती ७१ सेंटिमीटर उंच, सुमारे दुसऱ्या शतकातील. तथागत रोमन साम्राज्याच्या एका बंदरात उभे होते. कोणाची संस्कृती थोर, या वादाला त्या मूर्तीसमोर जागाच उरत नाही.

खर्चाविषयी थोडेसे. कुंभाराकडून चिकणमाती आणावी लागेल. अँफोरा मुलांनी स्वतः घडवावा, तो कोलमडेल, मग बूड निमुळते का असते हे कळेल. जहाजाच्या पोटात असे रांजण एकमेकांना टेकवून रचत. पाटीसाठी थोडे मेण. मुखवट्यांसाठी रद्दी कागदाचा लगदा. सह्याद्रीकडच्या गावांतून आलेल्या आमच्या मुलांनी बोहाड्याचे मुखवटे पाहिलेले आहेत, तेथे शिकविणारे तेच असतील. एक दिवस नेवासे, एक दिवस कल्याण रस्त्याने आळेफाट्यावरून जुन्नर, दोन्हीकडे एसटीने. सकाळी लवकर निघावे, दुपारी सावलीत थांबावे. कारखान्यांचा पट्टा पडल्यावर घरी परतलेल्या आईबापांनाही जुन्नरला बोलवावे, असे आम्ही सुचविले आहे. आजूबाजूच्या गावांतील मुलांना शुल्क नसावे.

हे सारे आम्ही ज्येष्ठ सहकाऱ्यांना वाचून दाखविले. त्यांनी शांतपणे ऐकले, चष्मा पुसला आणि सांगितले की जुन्नरला आपण स्वतः येऊ. मात्र शिबिराच्या पाचही दिवशी सकाळचा पहिला तास गणिताचा राहील. ती अट आम्ही मान्य केली आहे.