माळावरचा मास्तर

माणूस गेला की आपल्याकडे त्याच्याबद्दल चार शब्द चांगले बोलायची रीत आहे. मोठा असेल तर शोकसभा होते, पेपरात फोटो येतो, चौकात फ्लेक्स लागतो. साधा असेल तर निदान शेजारपाजारचे जमतात आणि 'भला माणूस होता हो' म्हणतात. पण काही माणसं अशी असतात की त्यांच्याबद्दल चांगलं बोलायच्या आधी लोक इकडेतिकडे बघून घेतात. मागच्या महिन्यात आमच्या माजलगावच्या कडेला, एका पालात, असाच एक म्हातारा गेला. जातीनं फासेपारधी. उमेदीची सगळी वर्षं फासे लावून तित्तर, लावे, ससे धरणारा. मी त्यांना बाबा म्हणायचे. आणि कुणी विचारलंच तर सांगेन, ते माझे गुरू होते.

मैत्रिणींनो, त्यांचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. त्यांच्या सुनेनंच हात जोडून सांगितलं, "बाई, नाव नका छापू. नाव छापलं की कुणीतरी चौकशीला येतंय." ज्या घरात मेलेल्या माणसाचं नाव छापून यायचीसुद्धा भीती वाटते, त्या घरानं काय काय सोसलं असेल, याचा हिशेब ज्यानं त्यानं मांडावा.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. वर्गात बाबांचा नातू होता. अक्षर यथातथा, पण खिडकीबाहेर पाखरू ओरडलं की वर न बघता नाव सांगायचा. नर की मादी तेही सांगायचा. "कुणी शिकवलं रे?" म्हटलं, तर म्हणाला, "आज्यानं." त्या आज्याला भेटायला म्हणून गेले ती पुढं कितीतरी वर्षं जात राहिले. मी बी.एस्सी., बी.एड. शिकलेली, ते अंगठाबहाद्दर. पण सिंदफणेच्या काठावर आणि माळावर त्यांच्या मागून चालताना विद्यार्थिनी मीच असायचे.

काय शिकवलं त्यांनी? टिटवी ओरडली की आपल्या बायका 'अशुभ' म्हणून खडा मारतात. बाबा म्हणायचे, "ती जिथं बोंबलती तिथं अंडी नसत्यात बाई. ती तुम्हाला लांब नेती. जिथं गप उठून चालाय लागली, तिथं पाय जपून टाका." खड्यांसारखी ठिपक्याठिपक्यांची अंडी मी पहिल्यांदा पाहिली ती त्या दिवशी. तित्तराचा नर आपल्या हद्दीत दुसरा नर खपवून घेत नाही, म्हणून पारधी पिंजऱ्यात पाळलेला तित्तर नेऊन ठेवतो. तो ओरडला की माळावरचा तित्तर भांडायला धावत येतो आणि भोवती मांडलेल्या फाशांत अडकतो. ही शिकारीची युक्ती खरी, पण त्यात त्या पाखराचा स्वभाव, विणीचा काळ, पहाटेची वेळ सगळं आलं. गाय शिकवून तिच्या आडोशानं जनावराच्या जवळ जायची त्यांची रीतही तशीच. ज्याला माळ वाचता येत नाही त्याचा फासा रिकामाच राहतो.

आणि या विद्येला नियम होते. फाशात गाभण मादी किंवा पाडस सापडलं तर सोडून द्यायचं. हे मी बाबांवरच्या मायेपोटी रंगवून सांगत नाही. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या शास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला, त्यात फासेपारध्यांची ही रीत नोंदलेली आहे. बाबांचं म्हणणं साधं होतं, "समदंच खाल्लं तर म्होरल्या साली काय खाणार?" आपण ज्याला आता मोठ्या परिषदांत शाश्वत विकास म्हणतो, तो हाच.

मग १९७२ साल आलं. आपल्या मराठवाड्याच्या बायकांना ते साल सांगावं लागत नाही, खडी फोडायला गेलेल्या सासवा-आज्या घरोघरी आहेत. त्याच साली वन्यजीव संरक्षण कायदाही आला. दुष्काळ आणि कायदा, पारध्याच्या पालात दोन्ही एकदम शिरले. कायदा चूक होता असं मी म्हणणार नाही. जनावरं वाचवायला तो हवाच होता आणि आजही हवाय. पण ज्यांचं पोट त्या माळावर होतं, त्यांना दुसरं काम कोण देणार, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी तसाच राहिला.

काम द्यायला लोक का कचरतात, ते आपल्याला ठाऊक आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अख्ख्या जमातीच जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात त्यांची वसाहतच होती. देश स्वतंत्र झाला १९४७ साली. हा कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला. कागदावरून शिक्का पुसला, पण आपल्या मनावरचा? गावात घरफोडी झाली की पहिली पालं उलथीपालथी होतात. अशाच एका चोरीनंतर बाबांच्या मुलाला उचलून नेलं होतं. चार दिवसांनी सोडला, काहीच निघालं नाही. त्या चार दिवसांत त्याची बायको तान्ह्या पोराला घेऊन चौकीबाहेर बसून होती. 'संशयित सोडला' एवढीच बातमी येते. ती बाहेर बसलेली बाई कुठल्याच बातमीत नसते.

आता जरा दुसरी बाजू बघा. मारुती चितमपल्ली १८ जून २०२५ ला गेले. आपण सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, आणि ती योग्यच होती. २००६ च्या सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पाखरांची, झाडांची किती नावं त्यांनी मराठीला दिली! पण ती नावं त्यांनी आणली कुठून? रानातल्या माणसांकडून, आदिवासी, पारधी, कोळी, गुराखी यांच्याशेजारी बसून. तसं ते मोकळेपणानं सांगतही. त्यांचं मोठेपण यातच होतं. कमी पडतो ते आपण. तीच विद्या पुस्तकात आली की तिला अभ्यास म्हणतो, पालात असली की चोराची अक्कल म्हणतो.

डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या माजलगाव तालुक्यातलं लवूळ गाव देशभर गाजलं ते आठवतंय ना? वानरं कुत्र्याची पिल्लं उचलून झाडावर, छपरावर नेतात, सूड घेतात म्हणून टीव्हीवर रान उठलं होतं. शेवटी वनखात्यानं दोन वानरं पकडून नेली. त्या गडबडीत बाबा मला एवढंच म्हणाले, "वानराला कशाचा सूड बाई? पिल्लू दिसलं की पोटाशी धरतं. वर नेलं की त्याला दूध कुठलं पाजणार? उपाशी मरतं, न्हाईतर पडतं." पुढं जाणकारांनीही साधारण हेच सांगितलं. माळाचा हा जाणकार आपल्याच गावात होता. त्याच्यापर्यंत एकही माईक पोचला नाही.

कुणी म्हणेल, इतकं काय, शेवटी जीव घेणाराच तो. मान्य. पण मग आपण कुठं सुटतो? मुलांच्या चित्रकलेसाठी आणलेले मऊ केसांचे ब्रश कधी नीट पाहिलेत? मुंगसाच्या केसांचे ब्रश आपल्याकडे वर्षानुवर्षं विकले गेले. २०१९ मध्ये 'ऑपरेशन क्लीन आर्ट' या नावानं महाराष्ट्रासह पाच राज्यांत छापे पडले, तेव्हा पन्नास हजारांवर ब्रश आणि शंभर किलोहून जास्त केस सापडले. एका मुंगसातून कामाचे केस निघतात मूठभर. म्हणजे किती मुंगसं गेली असतील! बेड्या पडतात त्या फासा लावणाऱ्याला. तो माल मागणारी दिवाणखान्यातली माणसं मात्र कलाप्रेमी ठरतात. आणि आपल्याकडचा तित्तर काय नुसता फाशानं संपला? धरण झालं, कालवे आले, माळ फोडून ऊस लागला. सुबत्ता आली, चांगलंच झालं. पण गवत गेलं, फवारणी आली, किडे संपले. तित्तराचं घर मोडलं ते आपल्या उसानं.

मला बाबांची आरती ओवाळायची नाही. कौतुकानं पालावर पीठ येत नाही. मला म्हणायचंय ते एवढंच : विद्येचा मान ठेवायचा असेल तर ती ज्याच्याजवळ आहे त्या माणसाचाही ठेवावा लागतो. आणि मान म्हणजे काम. हे जमतं, हे इतरांनी दाखवून दिलंय. मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या जंगलात २००९ पर्यंत एकही वाघ उरला नव्हता. नंतर तिथं बाहेरून वाघ आणले गेले. शिकारीवर जगणाऱ्या तिथल्या पारध्यांच्या मुलांसाठी वसतिगृहं निघाली, आणि आता तेच पारधी पर्यटकांना जंगल दाखवत फिरतात, ठसे ओळखायला शिकवतात. आपल्या अकोला-वाशिमकडच्या माळांवर 'संवेदना' या संस्थेनं फासेपारध्यांनाच सोबत घेऊन तणमोर वाचवायचं काम केलं. मग हे बीडला का होऊ नये? पाटोद्याजवळ नायगावचं मयूर अभयारण्य आहे, माजलगावच्या धरणावर हिवाळ्यात परदेशी पाखरं उतरतात. पाखरं मोजायला, जखमी जनावर न दुखावता धरायला यांच्याहून बरे हात कुठले मिळणार?

बाबांच्या त्या नातवाला वनरक्षकाच्या भरतीत उतरायचंय. धावतो वाऱ्यासारखा, माळ तोंडपाठ आहे. अडलंय ते जातीच्या दाखल्यापाशी. पारधी अनुसूचित जमातीत आहेत, सवलत आहे. पण त्यासाठी १९५० च्या आधीचा राहत्या जागेचा पुरावा मागतात. ज्यांना कुणी एका गावात टिकू दिलं नाही, त्यांनी कुठल्या गावचा कागद आणायचा? महसूल खात्यानं पालावर जाऊन, गृहचौकशी करून दाखले द्यावेत, ही मागणी कार्यकर्ते कधीपासून करताहेत. त्या मागणीमागं आपण बायकांनी, बचतगटांनी, महिला मंडळांनी उभं राहायला काय हरकत आहे?

आणि घरापुरतं म्हणाल, तर तेही अवघड नाही. मुंगसाच्या केसांचा ब्रश घेऊ नका. कुणी चोरून आणलेले लावे-तित्तर दारावर घेऊन आला तर घेऊ नका. गिऱ्हाईक नसलं तर फासाही लागत नाही. मुलांच्या वर्गात पालावरचं पोर असेल तर त्याला शेवटच्या बाकावर राहू देऊ नका, त्याला काय येतं ते विचारा. आणि पुढच्या वेळी गल्लीत चोरी झाली की 'पारधी आले असतील' हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळून टाका. बाबांसाठी शोकसभा झाली नाही आणि होणारही नाही. ते एक वाक्य आपण बोलायचं थांबलो, तरी त्यांच्या सुनेला सासऱ्याचं नाव उघड घेता येईल.