मर्जी नको, हक्क हवा!
विमान वाहतुकीच्या नियमांत अंध प्रवाशाच्या मार्गदर्शक श्वानाला स्थान आहे. परंतु 2016 च्या दिव्यांग हक्क अधिनियमात त्याचा साधा उल्लेखही नाही! मग तुर्भ्याच्या बाजार समितीत वा औद्योगिक वसाहतीत पोट भरू पाहणाऱ्या अंध श्रमिकाने कोणत्या कलमाचा आधार घ्यावा? जपानने 2002 साली स्वतंत्र कायदा करून सार्वजनिक वाहने व इमारती अशा श्वानांस खुल्या केल्या. आपल्याकडे निर्णय दारवानाच्या मर्जीवर! मर्जीने मिळते ती भीक, हक्क नव्हे. श्वान ही श्रीमंतांची चैन, असा आक्षेप येईल. तो तर सरकारी खर्चाने प्रशिक्षण हवे, याचाच पुरावा! प्रवेशाचा हक्क, नाकारणाऱ्यास दंड व मोफत प्रशिक्षण अधिनियमात आलेच पाहिजे. साथींनो, ही मागणी प्रत्येक शाखेने उचलावी.