तोंडाचा रंग आणि आडनाव

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 2017 साली 'वॉर पेंट' नावाचं संगीत नाटक झालं. वॉर पेंट म्हणजे लढाईला जाताना तोंडाला फासायचा रंग. हेलेना रुबिनस्टाइन आणि एलिझाबेथ आर्डेन या क्रीम-लिपस्टिकच्या दोन मालकिणी. एकाच शहरात जन्मभर एकमेकींच्या उरावर बसून धंदा केला, एकमेकींची माणसं पळवली. मी नाटक बघितलेलं नाही. बंदरात बोटींवरचे क्रेट उतरवून झाले की मोबाइलवर गाणी ऐकली. गाणी झकास आहेत. दुखणं वेगळंच आहे.

रुबिनस्टाइन ज्यू होती. ज्यू म्हणून पार्क अव्हेन्यूवर घर नाकारलं, तर बाईनं अख्खी इमारतच विकत घेतली असं सांगतात. ऐकून बरं वाटतं. पण दोस्तांनो, ज्याच्या खिशात इमारत नाही त्यानं काय करायचं? नाटक मालकिणींचं आहे. गिऱ्हाइकांची तोंडं चोळणाऱ्या पोरी मागच्या कोरसात.

त्याच देशात, त्याच धंद्यात दोन काळ्या बायकाही एकमेकींसमोर उभ्या होत्या. ॲनी मलोन आणि मॅडम सी. जे. वॉकर. वॉकर 1867 ची. गुलामीतून सुटलेल्या आईबापांची पोर, लोकांची धुणी धुवून जगलेली. आधी मलोनचा माल विकायची, मग स्वतःचा काढला. चुरस लागली. पण 1917 साली वॉकरचा माल विकणाऱ्या बायका फिलाडेल्फियात जमल्या आणि त्यांनी राष्ट्राध्यक्ष विल्सनला तार ठोकली : काळ्यांना झुंडीनं ठार मारणं बंद करा! केसांच्या मलमाच्या डबीतून ही तार निघाली.

आणि आमच्याकडे? माझी बहीण एका पार्लरात कामाला आहे. मालकीण तिला बजावते, "गिरायकांनी आडनाव इचारला तर सांगू नको हां." तिचा हात तोंडावर चालतो, आडनाव चालत नाही.

गोरेपणाचा धंदा तर बघा. हिंदुस्थान लिव्हरनं 1975 साली 'फेअर अँड लव्हली' काढली. 2020 साली जगभर वर्णद्वेषाविरुद्ध बोंब उठल्यावर 'फेअर' खोडून 'ग्लो' लावलं. नाव धुतलं, धंदा चालूच.

आमच्या जत्रेतल्या दशावतारात काळा कोण? वेद चोरणारा संकासुर. आमच्याच मालवणीत बोलून हसवतो आणि विष्णूच्या हातून मरतो. रंगाचा हा धडा आम्ही रात्र रात्र जागून गिरवलाय.

मग कुणी म्हणेल, रंगच फेकून द्या. का म्हणून? 1927 च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितलं, जात ओळखू येईल असं लुगडं नेसू नका, तसले दागिने घालू नका. बायांनी तिथंच नेसणं बदललं. आपल्या अंगावर काय असावं हे आपण ठरवायचं, हीसुद्धा लढाईच होती. बहीण लिपस्टिक लावते, तो तिचा हक्क. पण गोरी झाल्याशिवाय आपण माणसात नाही असं समजून क्रीम चोळणं, ही शरणागती.

आपल्याकडेही संगीत रंगभूमी आहे. 1930 च्या दशकात भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. त्या जलशात आता पार्लरातली पोरगी उभी करा. मालकीण नको, कोरसात तर नकोच. ती मध्ये येऊन पहिल्यांदा आपलं आडनाव सांगेल. तेव्हा समोर बसलेल्यांनी आपापली तोंडं चाचपून बघावीत.