अकरावीचे विषय आणि पालकांचे कर्तव्य

दहावीचा निकाल लागला की आमच्या शहरांतून व गावांतून पंधरा दिवस एकाच गोष्टीचा घोष चालतो; ती गोष्ट म्हणजे टक्के. अमक्याच्या मुलास किती टक्के पडले, तमक्या कॉलेजाची यादी कितीवर बंद झाली, दुसऱ्या फेरीत नाव येईल की तिसरीपर्यंत थांबावे, ही चर्चा दुकानाच्या गादीवर, आगगाडीच्या डब्यात आणि देवळाच्या ओट्यावर सारखीच ऐकू येते. परंतु प्रवेशाच्या अर्जात शाखेचा जो रकाना असतो, आणि त्यापाठोपाठ कॉलेजात विषयांचा जो कागद भरून द्यावा लागतो, त्याविषयी ह्या सबंध गलबल्यात क्वचितच कोणी तोंड उघडतो. तो कागद बहुधा शेवटच्या दिवशी, एखाद्या मित्राच्या किंवा क्लासवाल्याच्या सांगण्यावरून भरला जातो. आमच्या मते मुलाच्या पुढील आयुष्यावर टक्क्यांपेक्षा ह्या कागदाचा परिणाम अधिक काळ टिकणारा आहे. आणि म्हणूनच आज त्यासंबंधी चार शब्द स्पष्टपणे लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर येथे एक मोठी विसंगती दिसते. अठरा वर्षे पुरी न झालेला मनुष्य कायद्याच्या भाषेत 'अज्ञान' होय. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे त्यास करार करण्याची पात्रता नाही. आणि १९०३ साली मोहोरीबिबी विरुद्ध धर्मोदास घोष ह्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने अज्ञानाने करून दिलेले गहाणखत मुळातच रद्दबातल ठरविले. पंधरा वर्षांच्या मुलाने शंभर रुपयांची हुंडी लिहून दिली तरी ती त्याच्यावर बंधनकारक होत नाही, हे आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. परंतु त्याच मुलाने विषयांच्या कागदावर गणित सोडल्याची खूण केली, तर तो कागद मात्र त्यास वर्षानुवर्षे बांधून ठेवतो. त्या कागदावर पालकाची सही असते हे खरे. पण सही करणारा पालक त्या बाबतीत मुलाहून अधिक सज्ञान असतो काय, हा आमचा प्रश्न आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीचे एक आडत व्यापारी आपल्या मुलीस घेऊन आमच्या कचेरीत आले. मुलगी वाणिज्य शाखेतून बारावी झालेली. अभ्यासात तिने कोठेही कसूर केली नव्हती. वडिलांबरोबर आडतीवर बसून भावांची चढउतार पाहता पाहता तिला अर्थशास्त्राची गोडी लागली होती, आणि दिल्ली विद्यापीठात त्या विषयाचा ऑनर्स अभ्यासक्रम घ्यावा असे तिने मनात धरले होते. अर्ज भरण्याची वेळ आली तेव्हा कळले की, त्या अभ्यासक्रमास सामायिक प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर द्यावा लागतो, आणि तो द्यावयाचा तर बारावीस गणित असावे लागते. मुलीने अकरावीस गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती, म्हणजे सगळे ज्यास एस. पी. म्हणतात तो विषय घेतला होता. का घेतला, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "कॉलेजात सांगितलं, गणितानं टक्के कमी होतात, आणि गणित शिकवायला तिथं कोणी नव्हतंही." वडील म्हणाले, "वकीलसाहेब, मार्क तर भरपूर आहेत. कोर्टात काही अर्जबिर्ज करता येईल का?" आम्हांस सांगावे लागले की, पात्रतेची अट आगाऊ जाहीर झालेली असता व ती सर्वांस सारखी लागू असता, केवळ आम्हांस ती ठाऊक नव्हती म्हणून न्यायालय ती दूर करीत नाही. मुलीने टेबलावरची गुणपत्रिका घडी करून पिशवीत ठेवली आणि ती काही न बोलता उठली. आमच्या वकिलीत आम्ही पुष्कळ खटले हरलो आहोत. परंतु दाखल होण्यापूर्वीच हरलेला हा खटला आमच्या मनातून जात नाही.

ही अडचण पूर्वी ह्या स्वरूपात नव्हती. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले व १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. रानडे व भांडारकर हे त्याच परीक्षेतून पुढे आले. मॅट्रिक ही कॉलेजाच्या दाराची एकच किल्ली होती. ती फार थोड्यांच्या हाती पडे, हा त्या काळचा मोठा दोष. परंतु जिच्या योगाने एक दार उघडे आणि दुसरे कायमचे बंद होई, अशी ती किल्ली नव्हती. पुढे १९६४ ते १९६६ ह्या काळात कोठारी आयोगाने दहा वर्षे सर्वांस समान शिक्षण आणि त्यानंतर निवड असा मार्ग सुचविला, व महाराष्ट्रात १९७५ च्या सुमारास आजची अकरावी-बारावी आली. हेतू उत्तमच होता. परंतु निवडीचा हक्क दिला गेला, आणि निवडीचे ज्ञान देण्याची जबाबदारी मात्र कोणीच पत्करली नाही.

आता ही दारे व त्यांच्या किल्ल्या कोणत्या ते पाहू. बारावी उत्तीर्ण होणे ही एक गोष्ट, आणि पुढील अभ्यासक्रमास पात्र होणे ही अगदी निराळी गोष्ट, हे प्रथम ध्यानात धरले पाहिजे. राज्य मंडळाच्या सध्याच्या रचनेत इंग्रजी सर्वांस अनिवार्य, तीसह शंभर गुणांचे सहा विषय, आणि प्रत्येकात किमान ३५ गुण, एवढे झाले की प्रमाणपत्र हाती येते. ते प्रमाणपत्र सर्वांचे सारखेच दिसते. पण त्याची बाजारातील किंमत त्यावर कोणते विषय छापले आहेत त्यावर ठरते. अभियांत्रिकीस सामान्यतः भौतिकशास्त्र व गणित ह्यांवाचून गती नाही. वैद्यकास भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हवे, इंग्रजीही हवे; शिवाय खुल्या वर्गासाठी त्या तीन शास्त्रांत मिळून निम्मे गुण हवे. परिचर्येच्या पदवीस जीवशास्त्र सुटले तर चालत नाही. परंतु औषधनिर्माणशास्त्रास गणित किंवा जीवशास्त्र, दोहोंपैकी एक पुरते. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संख्याशास्त्राच्या पदवीस बारावीचे गणित पाहिजे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत स्थलसेनेसाठी कोणत्याही शाखेचा विद्यार्थी चालतो, परंतु नौदल व हवाईदल यांस भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते; आणि तिच्या लेखी परीक्षेत ३०० गुणांचा गणिताचा पेपर सर्वांनाच द्यावा लागतो. उलट पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमास शाखेचे बंधन नाही. कलाशाखेचा मुलगा तेथे विज्ञानशाखेच्या मुलाच्या शेजारी मानाने बसतो; तरीही विज्ञान न मिळाले म्हणून रडत कलाशाखेत गेलेली मुले आम्ही दरसाल पाहतो.

विषयांप्रमाणे गुणांचाही एक सापळा आहे. प्रवेश परीक्षेपुढे बारावीच्या गुणांस काही किंमत नाही, असे क्लासांतून सर्रास सांगितले जाते. परंतु आय. आय. टी. व एन. आय. टी. यांत जागा घेण्यास बारावीत ७५ टक्के गुण, किंवा आपल्या मंडळातील वरच्या वीस शतमकांत स्थान, अशी अट आहे. अनुसूचित जाती-जमातींस ती ६५ टक्के आहे. कॉलेजात नाव आणि क्लासात शरीर, असा जो व्यवहार बोकाळला आहे, त्यात ही अट विसरली जाते. प्रयोगशाळेचे तोंड न पाहता विज्ञानाची दोन वर्षे काढणारा मुलगा पुढे पदवीच्या पहिल्याच सत्रात अडखळला, तर त्याचा दोष त्या मुलास देणे अन्यायाचे होईल.

वाणिज्य शाखेविषयी आमच्या व्यापारी वाचकांस विशेष सांगावयाचे आहे. गणिताने टक्के घसरतात म्हणून एस. पी. घ्यावे, ही समजूत घरोघर रूढ आहे. परंतु मुलास सनदी लेखापाल करावयाचे असेल, तर त्या परीक्षेच्या पहिल्याच पायरीवर गणित, तर्क व संख्याशास्त्र यांचा शंभर गुणांचा पेपर त्याची वाट पाहत उभा असतो. अकरावीस ज्या सावकारास चुकविले, तोच दोन वर्षांनी व्याजासह दारात येतो. आणखी एक भेद पुष्कळांस ठाऊक नसतो: वाणिज्य शाखेचे गणित आणि कला-विज्ञान शाखांचे गणित हे मंडळाच्या यादीत दोन निराळे विषय आहेत. एकास दुसरे समजून चालणे धोक्याचे आहे.

भाषेच्या बाबतीत तर आमची उदासीनता लाजिरवाणी आहे. २०२० च्या कायद्याने शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची केली. परंतु अकरावीत पाऊल ठेवताच शेकडो मुले गुण अधिक मिळतात म्हणून मराठी टाकून माहिती तंत्रज्ञान घेतात. आणि २०० गुणांचा द्विलक्ष्यी विषय घेणाऱ्यांची तर दुसरी भाषा आपोआपच सुटते. ते विषय वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. परंतु पुढे राज्य लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मराठीचा पेपर येतो, जिल्ह्याच्या कोर्टांत मराठीत अर्ज लिहावे लागतात, तेव्हा आमचे पदवीधर तरुण कागदापुढे हतबल होऊन बसतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. ज्या देशातील शिकलेल्या मनुष्यास आपल्या शेतकऱ्याची तक्रार त्याच्या भाषेत लिहून देता येत नाही, त्या देशाचे शिक्षण कोणाच्या उपयोगाचे?

ह्यावर कोणी म्हणेल की, मग सर्वच विषय घ्यावे, म्हणजे कोणतेच दार बंद होणार नाही. हा सल्ला अर्धाच खरा आहे. गणित व जीवशास्त्र दोन्ही झेपणाऱ्या मुलाने ती अवश्य घ्यावी. परंतु ज्याचे मन चित्रात, इतिहासात किंवा यंत्राच्या दुरुस्तीत रमते, त्याच्या पाठीवर चारही शास्त्रांचे ओझे लादणे हा सावधपणा नव्हे, क्रूरपणा होय. दहावीनंतर तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते, हा मार्ग पुष्कळांस अधिक सोयीचा आहे. पण 'डिप्लोमा' म्हटले की आम्ही नाक मुरडतो. आमचे सांगणे इतकेच की, दार बंद करावयाचे असेल तर ते जाणून बंद करावे. वाऱ्याने आपटून बंद होऊ देऊ नये. चूक झालीच तर मार्ग अगदीच खुंटतात असेही नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून एखादा राहिलेला विषय मागाहून देता येतो, आणि बारावीनंतर जीवशास्त्र जादा विषय म्हणून घेणाऱ्यासही वैद्यकाच्या प्रवेश परीक्षेस बसण्याची मुभा राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२३ साली दिली. परंतु त्यात वर्ष जाते, पैसा जातो, आणि मुलींच्या बाबतीत तर पुष्कळदा घरच्यांचा धीरच आधी जातो.

मग करावे काय? पालकांनी दहावीची परीक्षा होण्यापूर्वी, निकालानंतर नव्हे, मुलाशी बसून तीन प्रश्न विचारावे: तुला काय आवडते, त्यासाठी पुढे कोणकोणती दारे आहेत, आणि त्या प्रत्येक दारास कोणते विषय लागतात. उत्तर शेजाऱ्याकडून न घेता त्या त्या संस्थेच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतून घ्यावे, कारण हे नियम वर्षागणिक बदलतात. कापडाचा गठ्ठा उघडून पाहिल्यावाचून जो व्यापारी माल उचलीत नाही, त्याने पोटच्या मुलाच्या बाबतीत एवढे कष्ट घेणे अवघड नाही. मुख्याध्यापकांनी दहावीच्या वर्षी दिवाळीपूर्वी पालकांची एक सभा घ्यावी व अभ्यासक्रम आणि विषय यांचा साधा तक्ता मराठीत छापून घरोघर पोहोचवावा. प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाने कोणत्या विषयास शिक्षक नेमलेला आहे व कोणता विषय केवळ कागदावर आहे, हे प्रवेशापूर्वी दारावर लावावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला व विज्ञान यांमधील भिंत पाडण्याचे जाहीर केले आहे. पण जेथे गणिताचा शिक्षकच नाही, तेथे भिंत पाडून मुलांनी जावे कोठे?

ह्याच ठिकाणी आमच्या शहरोशहरीच्या व्यापारी मंडळांस आमची विनंती आहे. तुमच्या वाडवडिलांनी धर्मशाळा बांधल्या, पाणपोया घातल्या, आणि आमच्या पुष्कळ शाळाही त्यांच्याच देणग्यांवर उभ्या राहिल्या. आज तुमच्या गावच्या कॉलेजात कला व वाणिज्य शाखांस गणित शिकविणारा एक शिक्षक नसेल, तर त्याचा पगार मंडळाने भरावा. सरकार मंजुरी देईपर्यंत वाट पाहावयाची म्हटले तर दरसाल एक तुकडी दाराबाहेर राहील. आमच्या कचेरीतून गुणपत्रिका घडी करून गेलेली ती मुलगी आता आडतीवर बसते व हिशेब चोख ठेवते, असे तिचे वडील परवा अभिमानाने सांगत होते. तिने हे काम निवडले असते तर आम्हांसही आनंदच झाला असता. परंतु ते तिने निवडलेले नाही; ते तिच्यासाठी एका कागदाने निवडले. पुढील जूनमध्ये असे कागद पुन्हा भरले जातील, आणि त्यांवर सही आमच्यापैकीच कोणाची तरी असेल.