फवारणीची 'सवय' : एक घातक समज

फवारणीचे काम वर्षानुवर्षे करणाऱ्या मजुराकडून एक वाक्य नेहमी ऐकावयास मिळते : "आम्हांला औषधाची सवय झाली आहे." हा समज दूर करणे हे प्रत्येक ग्रामकार्यकर्त्याचे आद्य कर्तव्य होय. ज्याला आपण औषध म्हणतो ते पिकासाठी औषध असेल. माणसाच्या मज्जासंस्थेला ते विषच आहे, आणि विषाची सवय होत नाही.

मज्जातंतू स्नायूला आज्ञा देतो ती ॲसिटिलकोलीन या द्रव्याच्या द्वारे. आज्ञा पोहोचताच शरीरातील एक विकर ते द्रव्य मोडून टाकते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके या विकरालाच निकामी करतात. पाटाचे दार उघडावे आणि ते पुन्हा बंदच होऊ नये, तशी अवस्था होते. घाम व लाळ सुटते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात, अखेर श्वास कोंडतो. निकामी झालेले विकर भरून येण्यास कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे रोज थोडे विष अंगी लागणाऱ्यास, ज्या मात्रेने काल केवळ डोके दुखले, तीच मात्रा आज अंथरुणास खिळवू शकते.

सन २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने दगावले. शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कपाशी माणसाएवढी वाढली होती, त्यामुळे फवारा थेट तोंडावर व डोळ्यांवर येत होता. मजुरांनी काळजी घेतली नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु रोजंदारीवर आलेल्या माणसाने हातमोजे, चष्मा व मुखपट्टी कोठून आणावी? तोंडाला बांधलेले फडके भिजले की ते विषच त्वचेशी धरून ठेवते.

हे दूरच्या वऱ्हाडाचे दुखणे आहे, असे जांभूळ व उल्हास नदीकाठच्या इतर गावांनी समजू नये. आपल्याकडे कपाशी नाही. पण काकडी, दुधी, कारली यांचे मांडव डोक्याइतके उंच असतात. त्यांखाली उभे राहून वर फवारा मारणाऱ्याच्या अंगावर तेच विष ठिबकते.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, फवारणाऱ्याच्या रक्षणाची जबाबदारी फवारणी करवून घेणाऱ्याने उचलावी. संरक्षक साहित्य, साबण व स्वच्छ पाणी त्याने बांधावर ठेवावे. एकाच माणसाला सलग दिवस पंप देऊ नये. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करू देऊ नये. पंप नदीत वा ओढ्यात धुऊ नये.

चक्कर, मळमळ किंवा अंधुक दिसणे सुरू होताच काम थांबवावे, कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे, आणि डबा किंवा त्यावरील चिठ्ठी बरोबर घेऊन रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. घरगुती उपायांत वेळ दवडू नये. बरे वाटू लागले तरी डॉक्टरांच्या संमतीवाचून घरी आणू नये. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी मानेचे व श्वासाचे स्नायू अकस्मात दुर्बल होऊ शकतात.

पीक गेले तर पुढील हंगामात पुन्हा येईल. गेलेला माणूस येत नाही.