मिलानच्या आरशात बेंगळुरू : जागतिक लौकिक आहे, नगरसत्ता कुठे?

बेंगळुरू : देशाची राजधानी नसलेले शहर आंतरराष्ट्रीय केंद्र कशाच्या बळावर होते, या प्रश्नाचे युरोपातील ठळक उत्तर म्हणजे इटलीतील मिलान. राजसत्ता रोममध्ये असली तरी देशाचा शेअर बाजार मिलानमध्ये आहे आणि फॅशन व फर्निचर व्यवसायाची जागतिक पेठही तेथेच भरते. २०१५ चे जागतिक प्रदर्शन या शहरात झाले. फेब्रुवारी २०२६ मधील हिवाळी ऑलिंपिकचे यजमानपदही त्याने कोर्तिनासह भूषविले. भारतात या वर्णनाच्या जवळ जाणारे शहर बेंगळुरू होय. मात्र या तुलनेतूनच त्याची मोठी उणीवही उघड होते.

केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये वसविलेले आणि १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत आलेले हे नगर विसाव्या शतकात विज्ञाननगरी झाले. भारतीय विज्ञान संस्था १९०९ मध्ये, तर विमाननिर्मितीचा कारखाना १९४० मध्ये उभा राहिला. पुढे ‘इस्रो’चे मुख्यालयही येथे आले. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेली इन्फोसिस दोनच वर्षांत येथे स्थलांतरित झाली आणि १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने येथे केंद्र उघडले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या वाणिज्य दूतावासाचे उद्‌घाटन झाले, ही या प्रवासाला मिळालेली राजनैतिक पावतीच होय.

सांस्कृतिक क्षेत्रातही शहर रिकाम्या हाताचे नाही. ‘रंगशंकरा’ नाट्यगृह २००४ पासून, राष्ट्रीय आधुनिक कला दालन २००९ पासून, तर कला व छायाचित्रण संग्रहालय २०२३ पासून सुरू आहे. बानू मुश्ताक यांच्या कथासंग्रहाला २०२५ चा आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार मिळाल्याने कन्नड साहित्याकडे जगाचे लक्ष वेधले गेले. तथापि युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या यादीत मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोळिकोड असताना बेंगळुरूचे नाव नाही. मिलान २०१७ पासून त्या यादीत ‘साहित्यनगरी’ आहे.

या तफावतीचे एक कारण संस्थात्मक आहे. मिलानमधील १७७८ चे ‘ला स्काला’ हे ऑपेरागृह चालविणाऱ्या प्रतिष्ठानचे अध्यक्षपद शहराच्या महापौरांकडे असते. बेंगळुरूतील वर उल्लेखिलेल्या तिन्ही संस्था खासगी पुढाकारातून वा केंद्र सरकारकडून उभ्या राहिल्या. त्यांपैकी एकही महापालिकेची नाही.

वाहतुकीच्या प्रश्नात हा फरक अधिक ठळक होतो. मिलानमध्ये मध्यवर्ती भागात येणाऱ्या वाहनांवर शुल्क लावण्यापूर्वी २०११ मध्ये नागरिकांचा कौल घेण्यात आला आणि जानेवारी २०१२ पासून आकारणी सुरू झाली. बेंगळुरूत हेब्बाळ ते सिल्क बोर्ड या सुमारे १७ किलोमीटरच्या भुयारी रस्त्याचा वादग्रस्त निर्णय राज्य सरकारच्या पातळीवर पुढे रेटला गेला. त्यावर मत मांडायला निर्वाचित महापालिका सभागृहच नव्हते. महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनुसार मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक होणे बंधनकारक आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये एका महापालिकेच्या जागी पाच महापालिका आणि त्यांच्यावर बृहद् बेंगळुरू प्राधिकरण अशी रचना आली. त्या प्राधिकरणाचे अध्यक्षपद मुख्यमंत्र्यांकडे आहे. समन्वयासाठी ही व्यवस्था उपयुक्त ठरू शकेल. परंतु महापौरांपेक्षा मंत्रालयाचा शब्द अंतिम राहिला, तर विकेंद्रीकरण कागदावरच राहील.

मिलानही निर्दोष नाही. तेथे घरभाडे सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेले असून, बांधकाम परवान्यांच्या चौकशीने २०२५ मध्ये नगरप्रशासन हादरले. मात्र तेथे जाब विचारण्यासाठी थेट मतदारांनी निवडलेला महापौर आहे. मुंबईकरांनाही मार्च २०२२ मध्ये मुदत संपलेल्या महापालिकेच्या निवडणुकीसाठी जानेवारी २०२६ पर्यंत थांबावे लागले. त्यामुळे हा प्रश्न एकट्या बेंगळुरूचा नाही. कंपन्या आणि दूतावास शहराला जागतिक ओळख देतात. पण ती ओळख रस्ता, पाणी आणि नाट्यगृहापर्यंत पोहोचविण्याचे काम नगरसत्तेचे असते. बेंगळुरूची खरी कसोटी तेथेच आहे.